माइसेनच्या निळ्या तलवारी: खुणेमागचा इतिहास

पोर्सिलेनची जुनी जर्मन पुतळी हाती आली की संग्राहक ती आधी उलटी करतो आणि तळाशी दोन निळ्या तलवारी, म्हणजे माइसेन या कारखान्याची खूण, शोधतो. पण तेवढ्यावर पुतळीचे वय ठरवू नये. असे का, ते या खुणेच्या इतिहासातूनच कळते.

सोने करून देण्याची बढाई मारणाऱ्या बॉटगर या किमयागाराला सॅक्सनी या जर्मन राज्याचा शासक ऑगस्टस याने डांबून ठेवले होते. सोने काही झाले नाही. मात्र चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या साथीने १७०८ मध्ये पांढऱ्या, कठीण पोर्सिलेनचे गुपित उलगडले आणि १७१० मध्ये सॅक्सनीतल्या माइसेन गावच्या किल्ल्यात कारखाना उभा राहिला. सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या तलवारी १७२० च्या दशकात खूण म्हणून आल्या. त्या कोबाल्टने, झिलईखाली, हाताने काढत. त्यामुळे दोन खुणा कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

मेजवानीच्या टेबलावर तेव्हा साखरेच्या मूर्ती मांडत. १७३१ मध्ये रुजू झालेल्या केंडलर या शिल्पकाराने त्यांच्या जागी पोर्सिलेनचे विदूषक, फेरीवाले आणि पुढे माकडांचा वाद्यवृंद आणला. नमुन्याचे तुकडे करून हात, डोके, धड यांचे वेगवेगळे साचे घेतात आणि भरलेले भाग पातळ मातीने जोडतात. सुमारे १४०० अंशांच्या भट्टीत माती मऊ पडून पाय वाकतात, म्हणून मूर्तीमागे झाडाचा बुंधा दिसतो. तो केवळ शोभेचा नाही.

तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका असेल तर काळ साधारण १७६३–७४, तारा असेल तर १७७४–१८१४. टोकांमध्ये ठिपका असेल तर १९२४–३४. खुणेवर आडवी चीर असेल, तर कारखान्याने तो माल दुय्यम ठरवून किंवा न रंगवताच विकलेला असू शकतो. रंग मग बाहेरच्या चित्रकाराचा.

खरा घोळ एकोणिसाव्या शतकातला. माइसेनने केंडलरचेच नमुने पुन्हा काढले. त्यामुळे खूण अस्सल असली तरी पुतळी शंभर वर्षांनी नवी असू शकते. त्यातच ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोन यांच्या कार्यशाळेने ऑगस्टसची ‘एआर’ (ऑगस्टस रेक्स, म्हणजे राजा ऑगस्टस) ही आद्याक्षरे आपल्या मालावर वापरली. माइसेनने न्यायालयात जाऊन ते थांबवले. पॅरिसच्या सॅमसन या कारखान्यानेही भरपूर नकला केल्या.

म्हणून मोजपट्टी जवळ ठेवावी. भाजताना माती सुमारे एक षष्ठांश आकसते. तयार पुतळीवरूनच साचा घेऊन केलेली नक्कल त्यामुळे मूळ पुतळीपेक्षा तेवढीच लहान निघते: १८ सेंटिमीटरची मूर्ती जेमतेम १५ ची.