रॉटरडॅमला पोचेपर्यंत देठ हिरवा

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागेत सकाळी सातला गेलात, तर तोडा सुरू झालेला असतो. घड काढणाऱ्या बायका मण्यांना हात लावत नाहीत, देठाला धरूनच घड कापतात. मण्यांवर मेणाचा पांढुरका थर असतो. बोट लागलं की तो पुसतो आणि मणी तेलकट दिसायला लागतो. घड क्रेटमध्ये, क्रेट सावलीत, आणि तिथून पॅकहाउसला. हा माल न्हावा शेवा बंदरातून बोटीने नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला जातो. तोडल्यापासून तिथल्या दुकानात मांडेपर्यंत महिना, कधी त्याहून जास्त दिवस जातात. एवढ्या दिवसांनीही देठ हिरवा आणि मणी टणक राहायला हवा.

हे काम रीफर कंटेनर करतो, असा बहुतेकांचा समज असतो. चाकांवर आणि बोटीवर फिरणारा मोठा फ्रीज, त्यात माल भरला की तो गार होतो! पण रीफर कंटेनर ताजा माल गार करायला बनवलेलाच नाही. आधीच गार झालेला माल गार ठेवणं, एवढंच त्याचं काम. गार करायचं काम बागेपासून काही मैलांवर, तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत उरकावं लागतं. हे नीट कळलं की या धंद्यातल्या अर्ध्या नुकसानीचं कारण कळतं.

वेलीवरून तोडलं म्हणून द्राक्ष मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो: आतली साखर जाळायची, ऑक्सिजन घ्यायचा, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकायची. हा श्वास तापमानावर चालतो. 20 अंश सेल्सिअसला द्राक्ष जितका श्वास घेतं, तो 0 अंशाला साधारण आठव्या-दहाव्या हिश्शावर येतो. 40 फुटी कंटेनरमध्ये साधारण 12-13 टन द्राक्षं मावतात. हिशेब मांडून पाहिला, तर 20 अंशांची एवढी द्राक्षं मिळून सुमारे 1,000 वॅट उष्णता सोडत राहतात, म्हणजे बंद खोलीत रात्रंदिवस चालू ठेवलेली इस्त्री. तीच द्राक्षं 0 अंशाला आणली की उष्णता 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उरते. बल्बची उष्णता काढून टाकणं कंटेनरच्या यंत्राला सोपं. पण माल गरमच भरला, तर इस्त्रीची उष्णता आणि शिवाय 13 टन मालात साठलेली उन्हाची उष्णता, दोन्ही उपसायला त्याला दिवसच्या दिवस लागतात. तोवर देठ वाळतो. घडाच्या वजनातलं दोन-तीन टक्के पाणी गेलं, तरी देठ तपकिरी दिसायला लागतो. मण्यात पाण्याचा साठा असतो, बारीक देठात तो नसतो, म्हणून मार पहिला देठाला बसतो.

त्यासाठी प्रीकूलिंग, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधीच माल गार करणं. पिंपळगावजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी हे उभं राहून पाहिलं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या दोन उंच थप्प्या, मध्ये बोळ. बोळावर ताडपत्री टाकलेली आणि टोकाला मोठा पंखा, जो बोळातली हवा सतत ओढून घेतो. बोळात शिरायला दुसरी वाट नसल्याने खोलीतली थंड हवा खोक्यांच्या भोकांतून, घडांच्या मधून जाते. ताडपत्री थप्पीला अशी चिकटून बसते की खोक्यांचे कोपरे मोजता येतात. नुसत्या थंड खोलीत ठेवला तर याच मालाला दिवसभर लागला असता. इथे सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान 1-2 अंशांवर येतं. तिथला सुपरवायझर मण्यात तापमापकाची सुई खुपसून बघत होता. खोलीच्या भिंतीवरच्या आकड्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मला ते फार आवडलं. हवा गार असणं आणि फळ गार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंटेनरचं यंत्र घरच्या फ्रीजच्याच तत्त्वावर चालतं. माठातलं पाणी झिरपून वाफ होताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, तसाच नळ्यांतला शीतक द्रव कंटेनरच्या आत उकळतो, तिथली उष्णता घेतो आणि बाहेर येऊन ती सोडतो. खरी करामत हवेच्या वाटेत आहे. कंटेनरची जमीन सपाट नसते, तिच्यावर लांबच लांब पन्हळी असतात. थंड हवा त्या पन्हळींतून दारापर्यंत जाते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. म्हणून आतल्या भिंतीवर लाल रेघ असते. तिच्या वर माल रचायचा नाही, नाहीतर परतीची वाट बुजते. दाराजवळ जमीन उघडी राहिली तरी घोटाळा, कारण हवा कायम सोपी वाट धरते. ती उघड्या जागेतून वर निघून जाते आणि मधला माल उबत राहतो. म्हणून ती जागा पुठ्ठ्याने झाकतात.

हवेची ही वाट किती महत्त्वाची, ते जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. 1882 च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडहून ‘डनेडिन’ हे शिडाचं जहाज सुमारे 5,000 मेंढ्यांचं गोठवलेलं मांस घेऊन लंडनला निघालं. थंड हवा बनवणारं वाफेचं यंत्र जहाजावरच होतं. विषुववृत्ताच्या उष्ण पट्ट्यात थंड हवा मालात नीट खेळेना, तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन स्वतः आत सरपटत शिरले आणि करवतीने हवेसाठी जादा भोकं पाडली. थंडीने ते बेशुद्ध झाले. खलाशांनी दोरीने ओढून त्यांना बाहेर काढलं आणि शुद्धीवर आणलं. 98 दिवसांनी जहाज पोचलं, तेव्हा खराब निघाली ती एकच मेंढी.

गोठवलेल्या मालाचं गणित वेगळं. कोळंबी घ्या, भारताच्या समुद्री निर्यातीतला सगळ्यात मोठा माल. ती जिवंत नसते, श्वास घेत नाही, आतून उष्णता सोडत नाही. त्यामुळे तिची खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून रचतात आणि उणे 18 अंशांची किंवा त्याहून थंड हवा गठ्ठ्याच्या चारी बाजूंनी फिरवतात. मधून हवा जायची गरजच नाही. इथेही निकाल आधीच लागलेला असतो. कारखान्यात उणे 35-40 अंशांच्या झोतात माल झटपट गोठला तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. सावकाश गोठला तर ते मोठे होऊन पेशी फाडतात आणि वितळताना त्यातून पाणी सुटतं. अशी कोळंबी शिजवली की रबरासारखी लागते.

द्राक्षाला मात्र गोठवून चालत नाही. कंटेनर साधारण उणे अर्ध्या अंशावर लावतात. रसातल्या साखरेमुळे द्राक्ष 0 अंशाला गोठत नाही, त्याचा गोठणबिंदू उणे 2 अंशांच्या आसपास असतो. तेवढ्या अरुंद पट्ट्यात महिनाभर राहायचं. एवढ्या थंडीतही करडी बुरशी, म्हणजे बॉट्रायटिस, हळूहळू वाढतेच. तिच्यासाठी खोक्यात घडांवर एक कागदी पॅड ठेवतात. त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट ओल लागली की सल्फर डायऑक्साइड वायू सोडतं, आधी भराभर, मग थोडा थोडा. ओल जास्त झाली तर वायूही जास्त सुटतो आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात. गार माल गरम हवेत उघडला की त्याला घाम फुटतो, म्हणून कोल्ड स्टोरेजच्या दाराला कंटेनर चिकटवूनच माल भरायचा असतो. हा नियम पाळला जात नाही तेव्हा बागायतदाराच्या वर्षाच्या मेहनतीची माती होते. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, चार महिने तो औषधं, पाणी, विरळणी सांभाळत आलेला असतो, आणि घात होतो शेवटच्या अर्ध्या तासात.

2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. दहा-पंधरा दिवस वाढले. तोडणीच्या दिवशी दोन तास उशिरा गार झालेला माल जुन्या वाटेने कदाचित निभावला असता. या लांबच्या वाटेवर त्याचा निभाव लागत नाही.

रॉटरडॅमला दार उघडलं की तपासणारा आधी मण्यात सुई घालून तापमान बघतो. मग घड देठाला धरून उजेडात उचलतो आणि देठाचा रंग पाहतो.