चेन्नईच्या आर्मेनियन चर्चची पार्श्वभूमी

जॉर्ज टाऊनमधल्या आर्मेनियन स्ट्रीटवर हे चर्च आहे, पण गोष्ट सुरू होते इराणात. १६०४-०५ मधे इराणचा बादशहा शाह अब्बासने अरास नदीकाठच्या जुल्फा गावातले आर्मेनियन उठवून इस्फहानला नेऊन वसवले, ते नवं जुल्फा, आणि तिथले हे व्यापारी मग रेशमाच्या धंद्यात इतके वर आले की १६८८ मधे ईस्ट इंडिया कंपनीनेच त्यांच्याशी करार केला. त्यात एक कलम होतं, कंपनीच्या गावात ४० किंवा जास्त आर्मेनियन राहिले तर चर्चला जागा मिळणार, शिवाय पाद्रीला ७ वर्षं वर्षाला ५० पौंड. कलकत्त्यात, आपल्या मुंबईच्या फोर्टात आर्मेनियन चर्च दिसतात ती याच व्यापारी लोकांची.

मद्रासमधलं पहिलं चर्च १७१२ चं. ते जुन्या ब्लॅक टाऊनात, म्हणजे स्थानिक लोकांच्या वस्तीत होतं, आता हायकोर्ट आहे त्या भागात, पण इंग्रज-फ्रेंच लढायांनंतर इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्याला चिकटलेली ती वस्तीच पाडली गेली. आत्ताचं चर्च १७७२ चं, जागा दिली शाहमीर शाहमीरियन या व्यापाऱ्याच्या घराण्याने.

हा माणूस मला फार मोठा वाटतो. तेव्हा आर्मेनिया इराण आणि तुर्कांमधे वाटलेला, स्वतःचं राज्य नाहीच, आणि याने मद्रासमधे छापखाना काढून स्वतंत्र आर्मेनियाची राज्यघटनाच छापली, मुखपृष्ठावर साल १७७३! अमेरिकेची घटना त्यानंतरची. पुढे १७९४ मधे शिराजहून आलेले पाद्री हारुत्युन श्मावोनियन यांनी याच शहरात 'अझदारार' काढलं, जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक. दीडेक वर्षच चाललं, १७९६ मधे बंद पडलं. १८२४ मधे ते गेले, त्यांची कबर चर्चच्या आवारातच आहे.

त्याआधीचे मद्रासमधले आर्मेनियन व्यापारी कोजा पेत्रुस उस्कान, यांनी १७२६ मधे अड्यार नदीवर स्वतःच्या पैशाने मार्मलाँग पूल बांधला, सेंट थॉमस माउंट या टेकडीच्या पायऱ्याही त्यांनीच बांधल्या. जुना पूल आता नाही, त्याचा शिलालेख मात्र आहे.

चर्चचा घंटाघर वेगळा उभा आहे, आत सहा मोठ्या घंटा, काही लंडनहून ओतून आणलेल्या. शहरात आता आर्मेनियन कुटुंबं जवळपास उरली नाहीत, नियमित प्रार्थनाही होत नाही, देखभाल कलकत्त्याच्या आर्मेनियन मंडळींकडून होते. आवारात फरशीखाली साडेतीनशेच्या आसपास कबरी आहेत, पावलागणिक आर्मेनियन लिपीतली नावं.