रिकाम्या चौकोनांचं गणित

नोव्हेंबरात पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभा होतो. पुढे उभे असलेले ओळखीचे एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "फोन आमचें उलोवप आयकता!" म्हणजे, फोन आपलं बोलणं ऐकतो. आदल्या रात्री जेवताना घरात एका जुन्या इराणी चित्रपटाचा विषय निघाला होता आणि सकाळी फोनवर त्याच वळणाचा दुसरा चित्रपट सुचवलेला दिसला. रांगेतल्या आणखी चौघांनी माना डोलावल्या. डिचोलीपासून मडगावपर्यंत हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं. आपली आवड ओळखायला यंत्राला कान लागत नाहीत. त्याला एक तक्ता पुरतो.

तक्त्याच्या आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत चित्रपट. ज्याने जो चित्रपट पाहिला त्या चौकोनात त्याने दिलेले १ ते ५ गुण. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये असा एक तक्ता, प्रेक्षकांची नावं काढून, जगापुढे ठेवला. आमच्या अंदाजातली चूक १० टक्क्यांनी कमी करून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा, अशी स्पर्धा होती. प्रेक्षक ४,८०,१८९ आणि चित्रपट १७,७७०. गुणाकार केला तर सुमारे ८५३ कोटी चौकोन होतात. त्यांतले भरलेले होते फक्त १० कोटी, म्हणजे शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव रिकामे. 'तुम्हाला हा आवडेल' असं यंत्र म्हणतं तेव्हा ते यातला एक रिकामा चौकोन भरत असतं.

कसा भरतं? शाळेत आपण १२ चे अवयव ३ आणि ४ असे पाडतो. तसेच अख्ख्या तक्त्याचेही अवयव पाडता येतात. सायमन फंक या नावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने डिसेंबर २००६ मध्ये, स्पर्धा ऐन रंगात असताना, आपली ही रीत सगळ्यांसाठी खुली केली. मला ती फार आवडते. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

प्रत्येक माणसाला दोन आकडे द्या, प्रत्येक चित्रपटालाही दोन. सुरुवातीला कुठलेही चालतील. समजा, शांताताईंचे आकडे १.२ आणि −०.४, एका चित्रपटाचे ०.९ आणि ०.५. पहिल्याला पहिल्याने गुणा, दुसऱ्याला दुसऱ्याने, मग बेरीज करा: १.०८ − ०.२० = ०.८८. सगळ्या गुणांची सरासरी ३.६ धरून ती यात मिळवली की अंदाज येतो ४.४८. शांताताईंनी प्रत्यक्षात दिले होते ३. चूक १.४८, तीही जास्तीच्या बाजूची. आता चारही आकडे ही चूक कमी होईल त्या दिशेला थोडे सरकवायचे. ताईंचा पहिला आकडा किती सरकवायचा? चूक गुणिले चित्रपटाचा पहिला आकडा, आणि त्याचा दहावा हिस्सा. म्हणजे १.२ चा होतो १.०७. उरलेले तीन याच रीतीने −०.४७, ०.७२ आणि ०.५६ होतात. पुन्हा गुणाकार करून पाहा, अंदाज ४.११ वर उतरतो. अजून चुकीचाच आहे, पण चूक कमी झाली.

हेच दहा कोटी भरलेल्या चौकोनांवर करायचं, आणि तेही पुन्हा पुन्हा. दोनऐवजी ४० आकडे घेतले, तर सगळे मिळून सुमारे २ कोटी आकडे होतात आणि तेवढ्यांत ८५३ कोटी चौकोनांचा अंदाज मावतो! आकडे फार मोठे होऊ लागले की त्यांना मागे ओढावंही लागतं, नाहीतर यंत्र पाठांतर करणाऱ्या मुलासारखं जुने गुण घोकून ठेवतं आणि नव्या चौकोनावर अडतं. यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की त्या ४० आकड्यांचा अर्थ कुणीच ठरवलेला नसतो. विनोदी, करुण, संथ असं लेबल कुणी लावत नाही. तरी नंतर आकड्यांप्रमाणे चित्रपट ओळीत लावले, तर एका टोकाला हाणामारीचे आणि दुसऱ्या टोकाला हळुवार, असं काहीतरी दिसू लागतं. हजारो अनोळखी माणसांच्या आवडींतून ते आपोआप उमटलेलं असतं.

राशीनुसार कोणतं पुस्तक वाचावं, अशा याद्या हल्ली फिरतात. तिथे बारा खण आधीच ठरलेले असतात आणि माणसाला त्यात कोंबायचं असतं. स्पर्धेत मात्र काही गुण मुद्दाम झाकून ठेवले होते आणि प्रत्येक अंदाज त्यांच्याशी ताडून पाहिला जात होता. पण 'यंत्र तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतं' हीदेखील अतिशयोक्तीच. २००९ मध्ये बक्षीस जिंकलेल्या चमूची चूकही १ ते ५ च्या पट्टीवर सुमारे ०.८६ होती. इतकी वर्षं, इतकी डोकी, आणि तरी जवळजवळ एका गुणाची चूक.

दुसरी अडचण आपल्या अधिक जवळची आहे. चौकोन रिकामे राहतात ते योगायोगाने नाही. जे आवडेल असं वाटतं तेच आपण उचलतो, म्हणून न उचललेल्याबद्दल यंत्राला फारसं शिकता येत नाही. ज्या रकान्यात चारच गुण, तिथे आकडे सरकणार तरी किती? गोव्यातल्या मराठी वाचकाला हवी असलेली कितीतरी पुस्तकं अशाच ओस रकान्यांत आहेत. ती शोधायला मी अजून ग्रंथालयातच जातो. पणजीत पाटोला आपलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची. पण मला गावातली छोटी वाचनालयंही तितकीच प्रिय आहेत, कारण तिथे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी अजून चिकटवलेली सापडते. ती चिठ्ठी म्हणजे त्या तक्त्यातला एक उभा रकाना, आणि सभासदाचं कार्ड ही आडवी ओळ.

गेल्या महिन्यात अशाच एका वाचनालयात खारफुटीवरचं एक मराठी पुस्तक हाती लागलं. पानं पिवळी पडलेली, चिठ्ठीवर एकच शिक्का, तोही पुसट, १९९४ चा. ज्याने ते नेलं त्याला आवडलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी ते काउंटरवर ठेवलं. बाईंनी पॅड उघडलं, शाई थोडी सुकली होती म्हणून शिक्का दोनदा दाबला आणि १९९४ च्या खाली आजची तारीख उमटवली.