रेसबुकातला ट्रेनरचा आकडा आला कुठून

पुण्याचा पावसाळी सीझन लागला की सांगली, मिरज, साताऱ्यातनं शनिवार-रविवारी गाडी धरणारे जुने रेसवाले असतातच, आता त्यांच्या जोडीला मोबाईलमध्ये एक्सेल शीट घेऊन फिरणारी पोरं पण आलीत. भांडण ठरलेलं. जुना माणूस म्हणणार पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथं, घोडा बघ, त्याची चाल बघ, आणि पोरगं म्हणणार काका घोडा राहू दे, तीन महिन्यांच्या गॅपनं आलेले ह्या ट्रेनरचे, म्हणजे घोडा तयार करणाऱ्याचे, घोडे किती टक्के जिंकतात ते आधी बघा. हे ट्रेनरच्या आकड्यांचं खूळ आलं कुठून आणि त्याचा कोर्टाशी आणि जीएसटीशी काय संबंध, एवढंच इथं मांडतोय. विन, प्लेस, टोट, बुकी हे समजावत बसत नाही.

जुना इतिहास पटकन उरकतो. पुण्याचा रेसकोर्स १८३० चा, मुंबईतल्या महालक्ष्मीचा १८८३ चा. सुरुवातीला धावायचे ते जास्त करून मुंबई बंदरात उतरलेले अरबी घोडे. तिकडं इंग्लंडात १७९० च्या दशकापासून घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक छापलं जात होतं, १८५० च्या दशकात वयानुसार कुठल्या घोड्यावर किती वजन टाकायचं ह्याचं कोष्टक बसलं, आणि अमेरिकेत १८९४ ला शिकागोतनं रेसच्या निकालांचं रोजचं पेपर निघालं. पण ह्या सगळ्यात नोंद होती ती घोड्याची. कुठल्या अंतरावर कितवा आला, किती वजन घेऊन पळाला, बाप कोण, आई कोण. ट्रेनरचं नाव कुठंतरी कोपऱ्यात, सहीसारखं.

आणि हे बरीच वर्षं तसंच राहिलं. १९८६ साली अमेरिकेत दोन अभ्यासकांचा एक पेपर आला, घोड्यांच्या रेसचं गणित मांडणारा, त्यातनंच पुढं हाँगकाँगमध्ये कॉम्प्युटर लावून बक्कळ पैसा काढणाऱ्यांची पिढी उभी राहिली असं मानतात. त्या मॉडेलमध्ये दहा गोष्टी धरल्या होत्या. घोड्याची आयुष्यभराची जिंकायची टक्केवारी, स्पीड रेटिंग, वजन, गेट नंबर, आणि जॉकीचे आकडे पण होते. ट्रेनर नव्हता. म्हणजे जो माणूस घोड्याला रोज पहाटे पळवतो, काय खायला घालायचं ते ठरवतो, कुठल्या रेसला नाव द्यायचं आणि कुठल्या रेसला नाही हे ठरवतो, तोच गणितात नाही. मला हे अजून पटत नाही, पण त्या काळात ट्रेनरची माहिती कॉम्प्युटरला घालता येईल अशी एका जागी मिळत नव्हती हे पण खरं.

अमेरिकेत ट्रेनरचे आकडे वर आले त्याचं एक कारण त्यांची क्लेमिंग रेस. रेसआधी ठरलेल्या किमतीला घोडा विकत घेता येतो, म्हणजे घोडा आज ह्या तबेल्यात तर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या. घोडा तोच, ट्रेनर बदलला, मग फरक कुणामुळं पडला हे ताडून बघता येतं. आपल्याकडं तो प्रकार काही रुजला नाही. इथं बरेच घोडे वर्षानुवर्षं एकाच ट्रेनरच्या तबेल्यात असतात, त्यामुळं तिकडचं पुस्तक वाचून इथं आकडे लावणाऱ्याचं पहिलंच पाऊल चुकतं. इथं ट्रेनरचा आकडा दुसऱ्या कारणानं कामाचा आहे आणि ते कारण म्हणजे रेटिंगची शिडी.

आपल्याकडच्या बहुतेक रेस हँडिकॅपच्या, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून बरोबरी करायची. प्रत्येक घोड्याला रेटिंग, एका पॉईंटला अर्धा किलो वजन, आणि रेटिंगवरनं क्लास. घोडा जिंकला की रेटिंग वर, पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन किंवा वरच्या क्लासमध्ये तगडे भिडू. हरत राहिला की रेटिंग खाली. आता विचार करा, ह्या शिडीवर घोडा कधी चढवायचा आणि कधी उतरू द्यायचा हे कुणाच्या हातात? ट्रेनरच्या. कोण घोडा फिट नसताना मुद्दाम छोट्या अंतरावर दोन रन देऊन आणतो, कोण नवीन घोडा पहिल्याच रनला तयार करून उतरवतो, कोण पुण्यात नुसता हात मोकळा करून घेतो आणि मुंबईच्या हिवाळी सीझनसाठी राखून ठेवतो, ही ज्याची त्याची सवय असते आणि सवय आकड्यात दिसते. घोडा मनापासून पळवला नाही म्हणून स्टुअर्ड लोक, म्हणजे रेसवर देखरेख ठेवणारे अधिकारी, चौकशी लावतात, शिक्षा पण करतात, पण सवय आणि लबाडी ह्यांच्यामधली रेघ बारीक आहे आणि ती आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडं हे समजायला कुणाला जड जाऊ नये खरं तर. पुसेगावच्या यात्रेतल्या बैलगाड्या बघून मोठी झालेली माणसं आपण, गटात गाडी कशी सोडली आणि सेमीला कशी सोडली ह्यावरनं फायनलचा अंदाज बांधणारी. बैल कितीही नामांकित असू दे, जोड कुणी लावली आणि गाडीवर कोण आहे हे विचारल्याशिवाय कोण बोलत नाही. घोड्याच्या बाबतीत तेच डोकं बाजूला ठेवून आपण रेसबुकातल्या, म्हणजे त्या दिवशीच्या घोड्यांची माहिती छापलेल्या पुस्तकातल्या, टिपवर विश्वास टाकतो.

बरं, आकड्याची गोची कुठं होते ते सांगतो कारण पुढचा कोर्टाचा भाग त्यावरच आहे. समजा एका ट्रेनरनं सीझनला १०० घोडे पळवले आणि २० जिंकले. वीस टक्के. दुसऱ्यानं ३० पळवले, ३ जिंकले. दहा टक्के. सगळे पहिल्याकडं पळतात. पण पहिल्याच्या वीसपैकी पंधरा घोडे हॉट फेवरेट असतील, रुपयाला दीड रुपया हातात येणारे, तर १०० घोड्यांवर शंभर-शंभर रुपये लावणारा बुडाला. त्या पंधराचे २,२५० झाले, लावलेत १०,०००, म्हणजे उरलेल्या पाच घोड्यांनी ७,७५० आणून द्यायला पाहिजेत. दुसऱ्याच्या तीन घोड्यांत एक जरी फ्लूक, म्हणजे कुणाला आशा नसलेला घोडा, लागला रुपयाला चाळीसच्या भावानं तर तो एकटाच पूर्ण सीझन भरून काढतो. मग लगेच कुणीतरी म्हणणार की दुसरा भारी. तसं पण नाही, तीस घोड्यांवरनं काहीच सिद्ध होत नाही, एक फोटो फिनिश इकडचा तिकडं झाला की दहा टक्के कुठल्या कुठं. अमेरिकेतल्या लोकांनी म्हणून सरळ टक्केवारी सोडून जिंकण्यातला वाटा भागिले पळण्यातला वाटा असा आकडा काढायला सुरुवात केली, एकच्या वर असेल तर बघण्यासारखा. तो बरा आहे. पण भाव त्यात पण धरलेला नाही.

आता १९९६.

त्या वर्षी १२ जानेवारीला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही, म्हणून त्यावर पैसे लावणं म्हणजे कायद्याच्या अर्थानं जुगार नाही. प्रकरण मद्रासचं. तिथं १९४९ साली रेसला जुगारबंदीतनं मिळणारी सूट काढणारा कायदा झाला होता, पण तो प्रत्यक्षात लागू करायचं ठरलं सत्तरच्या दशकात. मग हायकोर्ट, मग दिल्ली, मग स्थगिती. मध्येच १९८६ ला सरकारनं मद्रासचा अख्खा रेस क्लबच ताब्यात घ्यायचा कायदा केला. दोन्हीचा निकाल एकदम लागला आणि दोन्हीत क्लब जिंकला.

निकालाचा पाया जुना. १९५७ च्या शब्दकोड्यांच्या बक्षिसांच्या प्रकरणात ठरलं होतं की ज्यात कौशल्याचा भाग मोठा त्याला जुगार म्हणायचं नाही, १९६८ ला रमीला तोच नियम लागला. १९९६ ला कोर्टानं घोडा धरला आणि म्हटलं, वेग आणि दम हा ट्रेनिंगनं येतो, जॉकी हा आपल्या कामातला तज्ज्ञ, आणि हे सगळं जोखून पैसे लावणारा माणूस नाणं उडवत नाही. इथं ट्रेनिंग हा शब्द फार महत्त्वाचा झाला. अख्खा डोलारा त्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

माझी अडचण अशी की कौशल्य नक्की कुणाचं? घोडा तयार करणाऱ्याचं कौशल्य आहे ह्यात वादच नाही. जॉकीचं पण आहे. पण तिकीट काढणारा ना ट्रेनर ना जॉकी, तो कंपाउंडच्या ह्या बाजूला उभा. रमीत पत्ते ज्याच्या हातात त्याचंच कौशल्य आणि त्याचेच पैसे. रेसमध्ये कौशल्य एकाचं, पैसे दुसऱ्याचे. कोर्टानं हे दोन्ही एकाच दोरीत बांधलं, आणि बांधायला जो धागा वापरला तो म्हणजे पंटरचा, म्हणजे पैसे लावणाऱ्याचा, अभ्यास, की तो घोड्याचा फॉर्म, जॉकी, ट्रेनिंग हे बघून ठरवतो. आता रेसकोर्सवर जाऊन बघा किती जण हे बघून ठरवतात. अर्धे लोक नंबर बघून, पाव लोक टिप घेऊन, आणि उरलेल्यांतले काही तर जॉकीच्या शर्टाचा रंग बघून. म्हणजे कायद्यानं ज्या पंटरची कल्पना केली तो बहुतेक ती एक्सेल शीटवाली पोरंच, आणि ती तेव्हा शाळेतसुद्धा गेली नव्हती.

ह्याच्या उलट बाजूनं पण लोक बोलतात आणि त्यात दम आहे. ते म्हणतात की शेअर घेणारा तरी कंपनी कुठं चालवतो, दुसऱ्याचं कौशल्य जोखणं हे पण कौशल्यच. आणि ट्रेनरच्या आकड्यातनं सातत्यानं काही हाती लागत असेल तर तोच पुरावा की खेळ नशिबाचा नाही. मान्य. पण मग प्रश्न सरळ आकड्यांचा होतो, की अभ्यास करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला मिळणाऱ्या पैशात फरक पडतो का आणि किती, आणि हे मोजायच्या फंदात कोर्ट पडलं नाही. तत्त्वावर ठरवलं. कोर्टाचं काम तेच म्हणा.

आणि महाराष्ट्रात तर ह्या निकालाची तशी गरजच नव्हती, हे लोक विसरतात. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात घोड्याच्या रेसला वेगळी सूट लिहिलेलीच आहे आणि १९१२ पासून रेसकोर्सच्या लायसनचा कायदा आहे. सूट कुठं, तर रेसच्या दिवशी, लायसन असलेल्या कोर्सवर, ठरवून दिलेल्या आवारात. म्हणजे इथली परवानगी कौशल्यावर नाही तर जागेवर. म्हणून तोच घोडा, तीच रेस, तोच अभ्यास, पुण्यात आवारात लावला तर रीतसर आणि सांगलीत पानटपरीमागं फोनवरच्या बुकीकडं लावला तर गुन्हा. टपरीवाल्याला १९९६ चा निकाल सांगून उपयोग नाही, पोलीस उचलणारच. बऱ्याच जणांना वाटतं की सुप्रीम कोर्टानं घोडा सोडवला म्हणजे कुठंही लावा. तसं नाहीये ते.

निकालाचा खरा फायदा घोडेवाल्यांपेक्षा भलत्यांनाच जास्त झाला. वीसेक वर्षांनी फँटसी क्रिकेटवाल्यांनी हाच निकाल पुढं केला, की आमचा माणूस पण खेळाडूंचे आकडे बघून टीम लावतो, आणि हायकोर्टांनी ते मानलं. ट्रेनरची टक्केवारी वाचणाऱ्या पंटरसाठी बांधलेल्या दारातनं अख्खा मोबाईल गेमिंगचा बाजार आत आला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं ऑनलाईन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा फरकच ठेवला नाही. साठ-सत्तर वर्षं ज्या शब्दावर वकिलांनी भांडण केलं तो एका फटक्यात बिनकामाचा, निदान ऑनलाईन पुरता.

आणि टॅक्स. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा २८ टक्के, आणि २०१८ च्या जानेवारीत नियम आला की तो क्लबच्या कमिशनवर नाही तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. कर्नाटकच्या हायकोर्टानं २०२१ मध्ये तो नियम उडवला, पण ऑक्टोबर २०२३ पासून कायदाच दुरुस्त करून पूर्ण रकमेवरचे २८ टक्के पक्के केले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ४० झाले. वर दहा हजारांच्या पुढं जिंकलं की ३० टक्के टीडीएस. गंमत बघा, कर लावताना घोडा लॉटरी आणि कसिनोच्या रांगेत आणि कोर्टात मात्र बुद्धिबळाच्या शेजारी. ही विसंगती मला तरी कुणी नीट समजावून सांगितलेली नाही.

एक्सेलवाल्या पोरांच्या दृष्टीनं ह्याचा अर्थ साधा. समजा ट्रेनरच्या सवयी बघून तुम्ही बाजाराच्या भावापेक्षा दहा टक्के चांगला अंदाज काढला. दहा टक्के म्हणजे फार झालं, वर्षभर टिकवणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. १०० रुपये घोड्यावर लावायला खिशातनं १४० जाणार असतील तर ते दहा टक्के गेटवरच संपले. म्हणून ज्यांना खरंच अभ्यास येतो ते आता आकडे उलटे वापरतात, कुठली रेस खेळायची ह्यासाठी नाही तर कुठली सोडायची ह्यासाठी. पुण्याचा ट्रॅक पावसानं जड झालाय, ट्रॅक किती मऊ झालाय ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचं रीडिंग वर गेलंय, ट्रेनर असा की ज्याचे घोडे गॅपनंतर पहिल्या रनला कधीच तयार नसतात, आणि नेमका तोच फेवरेट, मग ती रेस नुसती बघायची. दिवसाच्या आठ रेसमध्ये सहा अशा निघतात. बाकी लोक जातात कारण त्यांना जायचं असतं, तिकीट काढतात, आणि परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत जॉकीला शिव्या घालतात, ट्रेनरला फार कमी जण घालतात.