दोन पिस्टन आणि नव्वद अंश

नागपूरच्या शंकरनगर चौकातल्या सिग्नलला दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत असं समजा. एक कावासाकीची झेड ६५०, दुसरी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर. दोन्हींना दोन-दोन सिलिंडर, तेही एका रांगेत. क्षमतेत फरक फक्त एका सीसीचा, ६४९ आणि ६४८. तरी डोळे मिटून कोणीही सांगेल की कुठली कोणती. सायलेन्सरचा वाटा आहेच, पण मूळ भानगड खाली, पिस्टनची वर-खाली गती फिरतीत बदलणाऱ्या क्रँकशाफ्टमध्ये (म्हणजे क्रँकमध्ये) आहे.

या दोघींसारखी साधारण ६०० ते ९०० सीसीची, अंगावर फेरिंग (वारा अडवणारं आवरण) नसलेली, बऱ्यापैकी ताठ बसून चालवायची गाडी म्हणजे मिडलवेट नेकेड. शंभराच्या पुढे वारा थेट छातीवर येतो, म्हणून लांबच्या सुसाट प्रवासाला ती थोडी दमवते. समृद्धी महामार्ग नागपुरातूनच सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला मज्जावच आहे, तेव्हा टॉप स्पीडचं कौतुक आपल्याला तसंही फार कामाचं नाही. रोजचा संबंध येतो तो तीन ते सहा हजार आरपीएमशी (मिनिटाला फेरे), आणि तिथे गाडी कशी वागेल यात क्रँकचा कोन मोठी भूमिका बजावतो.

सायकलची पायडलं आठवा. एक वर, तर दुसरं खाली, म्हणजे १८० अंशांचं अंतर. झेड ६५०चे पिस्टन असेच चालतात. इंटरसेप्टरमध्ये मात्र एक पायडल वर असताना दुसरं आडवं असावं, तशी मांडणी आहे. तिला २७० अंशांचा क्रँक म्हणतात, कारण एका स्फोटानंतर दुसरा २७० अंशांनी होतो आणि त्याच्या पुढचा ४५० अंशांनी. १,३०० आरपीएमला गाडी उभी धडधडत असेल तर हे अंतर सुमारे ३५ आणि ५८ मिलिसेकंद भरतं. १८०च्या क्रँकमध्ये तेच २३ आणि ६९. सिग्नलवर कानाला कळतो तो हाच फरक.

पण कंपन्यांनी हा खटाटोप निव्वळ आवाजासाठी केलेला नाही. २७०चाच क्रँक असलेली यामाहाची एमटी-०७ घ्या. ६८९ सीसी, २०१४ साली आलेली, या वर्गातली सगळ्यात गाजलेल्या गाड्यांपैकी एक. तिचा पिस्टन ६८.६ मिलिमीटर वर-खाली करतो. ८,००० आरपीएमला तो सेकंदाला २६६ वेळा टोकाला जाऊन थांबतो आणि उलट फिरतो. वरच्या टोकाला त्याला माघारी ओढण्यासाठी गुरुत्वाच्या सुमारे तीन हजार पट त्वरण लागतं. पिस्टन दोनशे ग्रॅमचा धरला तरी त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर सुमारे सहाशे किलोचा ताण आला! गाडी कशीबशी दोनशे किलोची, आणि तिच्या पोटात ही ओढाताण.

१८०च्या मांडणीत एक पिस्टन वर झेपावतो तेव्हा दुसरा खाली, म्हणजे हिशेब मिटला असं वाटतं. पूर्ण मिटत नाही. रॉड फिरताना तिरपा होतो, त्यामुळे क्रँक पाव फेरा फिरेपर्यंत पिस्टन वरून निम्म्याहून जास्त खाली आलेला असतो. म्हणून वरच्या टोकाचा हिसका खालच्यापेक्षा जोरकस. वजाबाकीत थोडी बाकी राहते आणि ती दर फेऱ्यात दोनदा इंजिनाला हलवते. हँडलवर येणाऱ्या झिणझिणीत तिचा वाटा असतो. पिस्टन नव्वद अंशांनी मागेपुढे ठेवले की एकाची ही बाकी दुसऱ्याच्या नेमकी उलट पडते आणि खोडली जाते. फेऱ्यागणिक एकदा बसणारा मोठा धक्का मात्र इथे शिल्लक राहतो. त्यासाठी क्रँकला गिअरने जोडलेला, उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट घालावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही.

खरा फायदा मला दुसरीकडे दिसतो. १८०मध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी थांबतात, एकाच वेळी धावतात. धावताना ते क्रँककडून ऊर्जा घेतात, थांबताना परत करतात, त्यामुळे क्रँकचा वेग सतत कमी-जास्त होतो. २७०मध्ये एक थांबत असतो तेव्हा दुसरा धावत असतो, देणं-घेणं आपसातच उरकतं. चेनपर्यंत पोचते ती बव्हंशी स्फोटाची ओढ, आणि मूठ जितकी पिळली तितकीच गाडी ओढते असं हाताला जाणवतं. दोन स्फोटांच्या लांब अंतरात मागचा टायर ‘विसावतो’ म्हणून पकड वाढते, असंही सांगतात. मला ते फारसं पटत नाही.

नव्वद अंशांच्या व्ही-ट्विन (दोन सिलिंडर ‘व्ही’च्या आकारात) इंजिनात स्फोटांची लय अशीच असते. पण तिथे दोन हेड, व्हॉल्व्हचे दोन वेगळे संच आणि सगळं बसवायला जास्त लांबी लागते. रांगेतलं इंजिन आखूड आणि स्वस्त. यामाहाने १९९५च्या टीआरएक्स ८५०मध्ये ही युक्ती वापरली होती. आता सुझुकीची जीएसएक्स-८एस आणि होंडाची हॉर्नेट ७५०ही त्याच वाटेवर आहेत.

राहिला ताकदीचा प्रश्न. इंटरसेप्टर सुमारे ४७ अश्वशक्तीची, झेड सुमारे ६७. ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले वेग. कावासाकीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) आखूड, ६० मिलिमीटर, आणि ती ८,०००पर्यंत आरामात चढते. एनफिल्डची कमाल ताकद ७,०००च्या थोडं पुढेच येते, टॉर्कही कमी. शिवाय झेडला रेडिएटर आहे, एनफिल्ड हवा आणि ऑइलवर भागवते.

रेडिएटरचा विषय नागपुरात निघाला की मे महिना आलाच. नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गॅरेजवर ठरलेला प्रश्न असतो, “भाऊ, फॅन बंदच नाही होऊन राहिला, काही बिघडलं काय?” बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट १०० अंशांवर आणि हवा २५वर असेल तर फरक ७५चा. हवा ४६वर गेली की उरतात ५४, म्हणजे तोच रेडिएटर सोळा आण्यांऐवजी साडेअकरा आण्यांचंच काम करतो. त्यात सिग्नलला वारा शून्य. फॅनने फेकलेली भट्टीसारखी हवा अडवायला नेकेड गाडीला फेरिंग नाही, ती सरळ नडग्यांवर येते. गरम हवा विरळही असते. त्याच २५ आणि ४६च्या हिशेबाने सिलिंडरमध्ये जाणारा ऑक्सिजन सहा-सात टक्क्यांनी घटतो, म्हणून भर दुपारी पिकअप जरा मंद वाटतो तो भास नव्हे.

“आपल्याकडे कुठं बर्फ पडते” म्हणत कूलंटऐवजी नळाचं पाणी भरणारेही भेटतात. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि त्यातली गंजरोधक रसायनं ॲल्युमिनियमचे बारीक मार्ग वाचवतात. नळाच्या पाण्यातले क्षार त्याच मार्गांत थर धरतात. दाबाचं झाकण धड असेल तर कूलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. तेव्हा काटा १०५वर दिसला म्हणून लगेच इंजिन बंद करायची घाई नको. बंद केलं की पंप थांबतो, हेडमधली उष्णता जागच्या कूलंटमध्ये शिरते, आणि पाच मिनिटांनी चावी फिरवली तर काटा आधीपेक्षा वरच दिसतो.