निंजा ६५० आणि झेडएक्स-६आर: सीसी सारखा, वजन सारखं, गाडी मात्र वेगळी

कोल्हापुरात मोठी गाडी कुठंही उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती सीसी, भावा?" या प्रश्नाच्या उत्तरात दोन कावासाकी अगदी खेटून येतात. निंजा ६५० चं इंजिन ६४९ सीसीचं, निंजा झेडएक्स-६आरचं (बोलण्यात 'सिक्सआर') ६३६ सीसीचं. दोन्हींना पूर्ण फेअरिंग (इंजिन आणि बाजू झाकणारं प्लास्टिकचं आवरण), दोन्हींच्या नावात निंजा, वजनं अनुक्रमे १९६ आणि १९८ किलो. यामाहा आर१५ किंवा पल्सरसारख्या लहान गाडीवर काही वर्षं काढून 'आता सहाशेची घ्यायची' म्हणणारा माणूस समजतो की फरक किमतीचा आहे, साधारण चार लाखांच्या घरातला. मग कर्जाचा हप्ता बसतोय म्हटल्यावर महागडी घेऊन मोकळा होतो. तिथंच चुकतं.

आर१५ ची ताकद १८.४ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) आणि वजन १४२ किलोच्या आसपास. निंजा ६५० देते ६८ पीएस, ८,००० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ८,००० फेऱ्यांना). सिक्सआर देते १२४ पीएस, १३,००० आरपीएमला; वेगात समोरचा वारा इंजिनात दाबून भरला जातो त्या रॅम एअरसकट १२९. किलोमागे हिशोब केला तर आर१५ ला ०.१३ पीएस, ६५० ला ०.३५ आणि सिक्सआरला ०.६३. आर१५ वरून ६५० वर जाणं हीच पावणेतीन पटींची उडी आहे. सिक्सआर त्याच्याही जवळपास दुप्पट पुढं.

एवढ्याच सीसीत इतका फरक कुठून येतो? ६५० ला दोन सिलिंडर आहेत, सिक्सआरला चार. ६५० चा बोअर (सिलिंडरची रुंदी) ८३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ६० मिमी. सिक्सआरचा बोअर ६७ आणि स्ट्रोक फक्त ४५.१ मिमी. स्ट्रोक आखूड असला की पिस्टनला एका फेरीत कमी अंतर कापावं लागतं, म्हणून इंजिन जास्त फिरवता येतं. सिक्सआर १३,००० आरपीएमवर असताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर भरतो. ६५० चं इंजिन तेवढंच फिरवायचं ठरवलं तर तो २६ मीटरवर जाईल, आणि रोजच्या वापराच्या इंजिनाला ते झेपत नाही. म्हणून ६५० खालीच ताकद देते. तिचा कमाल टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर) ६४ न्यूटन मीटर, ६,७०० आरपीएमला. सिक्सआरचा ६९, पण तो मिळतो १०,८०० ला. टॉर्कचा आकडा फक्त पाचाने जास्त आहे, तो चार हजार आरपीएम उशिरा येतो हीच खरी गोष्ट.

रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते गगनबावडा रोडला गाळप हंगामात कळतं. पुढं ट्रॅक्टर, त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या, वेग तीस-पस्तीस. समोरचा रस्ता दोनशे मीटर मोकळा दिसतो. ६५० तिसऱ्या गिअरमध्ये असली तर रेस पिळायची आणि निघायचं, गिअर पाडायचीही गरज पडत नाही. सिक्सआर त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच वेगात सुस्त वाटते. आर१५ वरून आलेला माणूस सवयीने दोन गिअर पाडतो आणि पूर्ण रेस देतो. आर१५ ला हीच पद्धत बरोबर आहे, तिच्याकडं दुसरं काही नाहीच. सिक्सआरवर मात्र सुई नऊ हजारांच्या पुढं गेली की सगळं एकदम येतं, आणि ट्रॉली मागं पडेपर्यंत पुढचं वळण हँडलपाशी येऊन ठेपलेलं असतं. ही गाडी पहिल्याच गिअरमध्ये शंभरापार जाते. चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० आहे, म्हणजे कायदा पाळून शिरोलीहून किणी टोलनाक्यापर्यंत जायचं तर दुसरा गिअर नाही टाकला तरी चालेल.

युरोपातल्या परवान्याचे नियम इथं उपयोगी पडतात. तिकडं मधल्या पातळीचा ए२ परवाना ३५ किलोवॅटपर्यंतच्या (साधारण ४७.६ पीएस) गाडीला चालतो, आणि त्यापेक्षा मोठी गाडी ताकद कमी करून चालवायची तर ती मुळात ७० किलोवॅटच्या वर नसावी. ६५० मुळात ५० किलोवॅटची आहे, म्हणून तिला शिकाऊ माणसासाठी आवळता येतं. सिक्सआर ९१ किलोवॅटची. तिला आवळून द्यायलाही तिथं परवानगी नाही. आपल्याकडं मात्र स्प्लेंडर चालवायचा परवाना असला की सिक्सआरही चालते. त्यामुळं अडवायला आरटीओ येत नाही, ते आपलं आपणच ठरवायचं.

आणखी एक फसगत रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवायच्या काळात होते. कावासाकीच्या पुस्तकाप्रमाणं पहिले ८०० किमी ४,००० आरपीएमच्या आत आणि मग १,६०० किमीपर्यंत ६,००० च्या आत चालवायचं. ६५० चा ६,००० पर्यंतचा भाग म्हणजे तिचा बहुतेक सगळा स्वभाव. सोळाशे किलोमीटरात गाडी कळलेली असते. सिक्सआरच्या बाबतीत तेवढ्यात कळतो तो तिचा झोपलेला भाग. पन्हाळा, जोतिबा, राधानगरी करून येईपर्यंत माणसाची खात्री पटते की गाडी गरीब आहे. मग बंधन संपतं आणि एका दिवशी घाटात खरी गाडी भेटते. सिक्सआरला ताकद कमी ठेवणारा लो पॉवर मोड दिलेला आहे. रनिंग-इन संपल्यावर निदान पहिला पावसाळा जाईपर्यंत तो बदलू नये. ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक घसरणं आवरतं, वळणात जास्त वेगात शिरण्यावर त्याच्याकडं इलाज नाही.

ब्रेकचंही असंच. ६५० ला पुढं ३०० मिमीच्या दोन डिस्क आणि दोन पिस्टनचे कॅलिपर आहेत. लिव्हर दाबत जाल तसा ब्रेक लागत जातो. सिक्सआरला ३१० मिमीच्या डिस्क आणि चार पिस्टनचे रेडियल कॅलिपर. लहान गाडीवर चार बोटांनी लिव्हर आवळायची सवय असते ती इथं दोन बोटांवर आणावी लागते. आधी हलकेच दाबून पुढचे शॉकअप बसू द्यायचे, वजन पुढच्या टायरवर आलं की मग जोर वाढवायचा. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस दोन्हींना आहे, पण खडी पसरलेल्या वळणात एबीएस अंतर वाढवतं, कमी करत नाही. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात साठच्या वेगावरून वीस-पंचवीस वेळा थांबून बघितलं तर बोटांना अंदाज येतो.

बसण्याची तऱ्हा शोरूममध्ये कळत नाही, कारण तिथं गाडी स्टँडवर असते आणि माणूस खुशीत. ६५० ची सीट ७९० मिमी उंच, हँडल वर उचललेलं. पाच फूट चार इंचाच्या माणसाचे पायही टेकतात. सिक्सआरची सीट ८३० मिमी, हँडल खाली आणि पाय मागं. वेगात वारा छातीला टेकू देतो, तेव्हा ते बरं वाटतं. बिंदू चौकात किंवा गंगावेशीत गर्दीत वारा कुठला? सगळा भार मनगटावर येतो. त्यात फेअरिंगच्या आत चार सिलिंडर आणि रेडिएटर, पंखा लागला की गरम हवा थेट मांडीवर. हँडलही कमी वळतं, त्यामुळं गल्लीत गाडी फिरवताना अंगठा टाकी आणि हँडलमध्ये सापडतो. डबलसीटचं तर बोलायलाच नको. सिक्सआरची मागची सीट नावापुरती आहे. घरचं माणूस मागं बसणार असेल तर ही तुलना इथंच संपते.

आता स्पीडब्रेकर. यात दोघीही सारख्याच वाईट आहेत, दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स १३० मिमी. आर१५ चा १७० आहे. गावाच्या वेशीवरचा, रंग न मारलेला, कुणीतरी स्वखर्चाने घातल्यासारखा जो उंच गतिरोधक असतो, त्यावर आर१५ सरळ जाते. या दोघींचा पोटाचा फेअरिंग घासतो, आणि त्याच्या मागं एक्झॉस्ट असतो. वेग पूर्ण मारायचा, ब्रेक सोडायचा म्हणजे पुढचे शॉकअप वर येतात, आणि थोडं तिरकं घेऊन चढायचं. ब्रेक दाबून धरून चढवली तर नाक खाली असतं आणि हमखास घासते.

सस्पेन्शनमध्ये मात्र मोठा फरक आहे. ६५० चे पुढचे शॉकअप साधे, त्यांना काही फिरवायचं नाही; मागं फक्त प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते). सिक्सआरला पुढं-मागं प्रीलोड, रिबाउंड (शॉकअप परत वर येण्याचा वेग), कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) सगळं फिरवता येतं, आणि बहुतेक मालक आयुष्यात एकदाही फिरवत नाहीत. कंपनीचं सेटिंग गुळगुळीत रस्त्यासाठी. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ते आंबा घाटाच्या अलीकडच्या तुटक रस्त्यावर अंगावर येतं, गाडी प्रत्येक खड्ड्याला उडते, आणि खड्ड्यात मनगट हललं की रेसही हलते. आधी सॅग बघायचा, म्हणजे माणूस बसल्यावर शॉकअप किती दबतो ते. शॉकअपच्या चकाकत्या नळीवर एक झिप टाय बांधायचा. दोघांनी हँडल धरून पुढचं चाक अधांतरी होईपर्यंत उचलायचं आणि टाय सीलला टेकवायचा. मग जॅकेट-हेल्मेटसकट अलगद बसून अलगद उतरायचं. टाय ३० ते ३५ मिमी सरकला तर ठीक. कमी सरकला तर प्रीलोड सैल करायचा. त्यानंतर कॉम्प्रेशन. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेत क्लिक मोजून घ्यायचे आणि कागदावर लिहायचे, मग परत तेवढेच बाहेर आणून आणखी दोन क्लिक सैल करायचे. पूर्ण आत गेल्यावर जोर लावला तर आतली सुई बसते, ते काम महागात पडतं.

हवा ६५० ला पुढं ३२, मागं ३६ पीएसआय. सिक्सआरला ३६ आणि ४२. पंपावरचा पोरगा न विचारता २५-३० भरतो, कारण दिवसभर त्याच्यासमोर त्याच गाड्या येतात. एवढ्या कमी हवेवर सिक्सआर वळणात जड पडते आणि टायर कडेला झिजतो. स्वतःचा गेज डिकीत ठेवायला या गाड्यांना डिकी नाही, जॅकेटच्या खिशात ठेवा. मागचा टायर ६५० ला १६०/६०, सिक्सआरला १८०/५५. मऊ रबराचा स्पोर्ट टायर आपल्या खरबरीत रस्त्यावर सहा-आठ हजार किलोमीटरात संपतो. ६५० ला टूरिंगचा टायर घातला तर जवळपास दुप्पट चालतो. चेनला मात्र दोघींना सारखीच सेवा लागते, दर ६०० किमीला साफ करून तेल. मागचा नट आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्याशिवाय उठू नये.

गॅरेजच्या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते करून मिळतं: स्टँडचा ब्रॅकेट, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) स्पूल, म्हणजे स्टँड अडकवायचे खुंटे, वाकलेलं फूटरेस्ट. इंजिनाच्या आत मात्र तो हात चालत नाही. दोन्ही गाड्यांचे वाल्व्ह क्लिअरन्स (वाल्व्ह आणि कॅममधली बारीक फट) पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बघायचे असतात. ६५० ला आठ वाल्व्ह, सिक्सआरला सोळा. क्लिअरन्स जुळला नाही तर कॅम काढून शिम (फट जुळवणारी छोटी चकती) बदलावी लागते, आणि शिम मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. बुकिंगचे पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा की हे काम इथंच होतं की गाडी पुण्याला जाते, आणि शिम जवळ ठेवतात की मागवतात. उत्तर अडखळत आलं तर ६५० घेणाऱ्याने थोडा विचार करावा, सिक्सआर घेणाऱ्याने भरपूर.

कर दोघींना सारखाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाडीला ४० टक्के जीएसटी लागतो, त्याखालच्या गाडीला १८. ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर २,८०४ रुपये, आर१५ च्या गटात १,३६६. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर ठरतो, तिथं सिक्सआर पुढं जाते. ती स्टँडवरून एका बाजूला पडली तरी लिव्हर, फेअरिंग, इंजिनचं कव्हर धरून बिल लहान गाडीच्या किमतीकडं सरकतं.

म्हणून आमचं मत सरळ आहे. लहान गाडीवरून थेट येत असाल आणि गाडी याच रस्त्यांवर चालणार असेल, तर ६५०. तीही जड वाटत असेल तर आधी बारामतीत बनणारी अॅप्रिलिया आरएस ४५७ बघा, तिचे ४७.६ पीएस बरोबर त्या ए२ च्या मर्यादेत बसवलेले आहेत. सिक्सआर ज्याला चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर वर्षातून एक-दोनदा तरी न्यायची आहे त्याने घ्यावी. तिथं ती नाद खुळा गाडी आहे.

जुनी घेताना दोघींच्या हँडलचे स्टॉपर आधी बघा. पूर्ण डावीकडं-उजवीकडं वळवल्यावर फ्रेमला जिथं टेकतं तिथला रंग उडून धातू दबलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. सिक्सआर ट्रॅकवर पळालेली असू शकते. ऑइलच्या नटला तार ओवायचं बारीक भोक पाडलेलं दिसलं तर मालक काहीही सांगो, ती ट्रॅकवर पळाली आहे असं समजा. बेळगाव-बेंगळुरूकडची केए पासिंगची गाडी स्वस्त मिळते, पण फॉर्म २८ ची एनओसी (मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला), २९ आणि ३० वर मालकी बदल, कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. हा सगळा खर्च धरून एमएच-०९ चा नंबर लागेपर्यंतची किंमत काढा, आणि पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावरच द्या.