गुरगुरण्याच्या आधी कुत्रा बरंच काही सांगतो

गणपतीच्या तोंडावर नाशिक ढोलाचा सराव सुरू झाला, की सिडको-इंदिरानगरातली बरीच कुत्री पलंगाखाली शिरतात. घरचे मायेपोटी त्यांना ओढून बाहेर काढतात, पोरं गळ्यात पडतात आणि एखाद्या दिवशी कुत्रं चावतं. ‘काही कारण नसताना चावलं’ असं मग सगळे सांगतात. कारण असतं. ते आधी दिसलेलंही असतं, फक्त कुणी ओळखलेलं नसतं.

समोर खाऊ नसताना जिभेचं टोक नाकावरून झर्रकन फिरतं. झोप नसताना जांभई येते. कान मागे पडतात, पुढचा एक पाय अधांतरी राहतो. तोंड एकीकडे आणि नजर तुमच्यावर, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खुशीत, यावरही विसंबू नका. ताठ उभी शेपूट हलत असेल तर ते तणावातही असू शकतं. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती थिजण्याची. धापा टाकणारं तोंड एकाएकी मिटतं, अंग लाकडासारखं होतं. त्या क्षणी हात मागे घ्यायचा.

भीतीने शरीरात तणावाची संप्रेरकं वाढतात: आधी अ‍ॅड्रेनलिन उसळतं, मागोमाग कॉर्टिसोल वाढतं. ढोल थांबले तरी त्याचा अंमल लगेच उतरत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी पाहुण्यांसमोर ‘शेकहँड कर’ म्हणणं अन्यायाचं आहे. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यात माणसांची सवय झाली नसेल, तर भित्रेपणा पुढे मुरतो. रस्त्यावरून आणलेल्या मोठ्या कुत्र्यांत तो बरेचदा दिसतो.

गुरगुरल्यावर मात्र कृपा करून ओरडू नका. भीती तशीच राहते, फक्त इशारा बंद होतो. पुढच्या वेळी ते थेट चावू शकतं.

पलंगाखाली गेलंय? राहू द्या. पडदे ओढा, पंखा लावा, जवळ जमिनीवर बसा. आपणहून आलं तर खुशाल जवळ घ्या. धीर दिल्याने भीती वाढत नाही. मुलांना एवढं शिकवा: त्याच्यावर वाकायचं नाही, मिठी मारायची नाही. ते जवळ आलं, तर छातीपाशी तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढायचा. त्याने नाकाने हात ढोसला, तर पुन्हा खाजवायचं. तोंड फिरवलं, तर खेळ संपला.